गिऱ्हाइकाचा दबाव आणि काउंटरमागची माणसं

मित्रहो,

२००७ साली ‘झारा’ या कंपनीच्या ब्रिटनमधल्या दुकानांत एक हँडबॅग विकायला आली. तिच्यावर भरतकाम होतं आणि त्या भरतकामात स्वस्तिकं होती. एका ग्राहक बाईंनी तक्रार केली आणि कंपनीने ती बॅग दुकानांतून काढून घेतली. ती भारतातल्या एका पुरवठादाराकडून आली होती. आम्ही माल निवडला तेव्हा त्यावर हे चिन्ह नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. ज्याने ते भरलं त्याच्या मनात शुभचिन्हच असणार. त्या बाईंना त्यात हिटलरची राजवट दिसली. दोघांचंही खरं होतं. म्हणूनच एखादी वस्तू नीतीला धरून नाही म्हणून दुकानदाराला ती काढायला लावावी का, असल्या वादात ‘ती वस्तू मुळात वाईट आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. आक्षेप कोणी, कोणापाशी आणि कसा घेतला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

‘तुम्हाला नको असेल तर घेऊ नका, दुसऱ्याच्या आड का येता?’ असं आपण सहज म्हणून जातो. मला हे पटत नाही. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधली, गुलामांच्या श्रमावर पिकवलेली साखर सोडली. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीतले थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने अशी माणसं तीन लाखांच्या घरात होती. घरात काय आणायचं हे ठरवणाऱ्या, पण मतदानाचा हक्क नसलेल्या बायका यात पुढे होत्या. ही माणसं नुसती गप्प राहिली नाहीत. त्यांनी पत्रकं वाटली, शेजाऱ्यांना गाठलं, दुकानदारांना विचारलं. १७९२ मध्ये जेम्स राइट नावाच्या एका व्यापाऱ्याने तर वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की गुलामगिरीचा डाग नसलेली साखर मिळेपर्यंत मी साखर विकणारच नाही. नीतीचा आग्रह धरून कोणी दुकानात शिरूच नये, असं म्हणणाऱ्याला ही सगळी माणसं चुकीची ठरवावी लागतील. मी ते करणार नाही.

आता दुसरं प्रकरण. अमेरिकेत १९८०च्या दशकात काही धार्मिक संघटनांनी ‘सेव्हन-इलेव्हन’ दुकानांसमोर निदर्शनं केली. ‘प्लेबॉय’सारखी नग्न चित्रांची मासिकं इथे विकू नका, एवढीच मागणी. त्यांचं मत पटो न पटो, फलक घेऊन दारात उभं राहणं हा त्यांचा हक्क होता. पण १९८६च्या फेब्रुवारीत सरकारने नेमलेल्या अश्लीलताविषयक आयोगाने अनेक कंपन्यांना पत्र धाडलं: तुम्ही असलं साहित्य विकता अशी साक्ष आमच्यापुढे झाली आहे, अहवाल छापण्यापूर्वी काय म्हणायचं ते म्हणा. साक्ष कोणाची, हे पत्रात नव्हतं. एप्रिलमध्ये सेव्हन-इलेव्हनच्या मालक कंपनीने आपल्या साडेचार हजार दुकानांतून ती मासिकं काढली. जुलैमध्ये न्यायालयाने आयोगाला ते पत्र मागे घ्यायला लावलं. पण तोवर मासिकं फळीवरून उतरली होती. ऱ्होड आयलंड या अमेरिकी राज्यातल्या अशाच एका आयोगाच्या नोटिसांबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलं होतं, की बंदीचा हुकूम नसला तरी सरकारी धमकावणीतून बंदीच साधली जाते. ग्राहकाच्या पत्राला दुकानदार ‘नाही’ म्हणू शकतो. सरकारी शिक्क्याच्या पत्राला ‘नाही’ म्हणताना त्याचा हात कापतो. हा फरक पुसून चालणार नाही.

आणि सरकार बाजूला ठेवलं तरी भीती येतेच. २०२३च्या मे महिन्यात ‘टार्गेट’ या अमेरिकन कंपनीने समलिंगी आणि ट्रान्स समुदायासाठी काढलेला काही माल मागे घेतला. आमच्या कर्मचाऱ्यांना धमक्या येत आहेत, त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असं कारण कंपनीने दिलं. मला या बातमीचा राग आला, आणि तो फक्त कंपनीवर नव्हता. कपड्यावर काय छापायचं हे बिल करणारी मुलगी ठरवत नाही. माल मागवणारे लोक दूरच्या कार्यालयात बसतात, आणि शिव्या खायला उभी असते ती. ज्यांना खरोखर नीतीची चाड आहे त्यांनी या मुलीच्या अंगावर ओरडणं मला सहन होत नाही.

काउंटरमागच्या माणसालाही विवेक असतो, हे आपण विसरतो. १९ जुलै १९८४ रोजी डब्लिनमधल्या ‘डन्स स्टोअर्स’मध्ये मेरी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या कॅशियरने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या दोन ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. तिच्या कामगार संघटनेचा तसा निर्णय होता. तिला निलंबित केलं आणि सहकारी तिच्यामागोमाग बाहेर पडले. संप पावणेतीन वर्षं चालला. त्या काळात त्यांना ओलांडून गिऱ्हाइकं आत खरेदीला जात होती. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांची आयातच थांबवली. इथे दबाव मालकावर होता, आणि त्याची किंमत दबाव आणणाऱ्यांनी स्वतःच्या पगारातून मोजली.

‘ठेवा’ आणि ‘काढा’ यांच्या मध्येही जागा असते. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या ‘को-ऑप’ दुकानांनी पुरुषांसाठी बायकांची उघडीवाघडी चित्रं छापणाऱ्या मासिकांना सांगितलं, की मुखपृष्ठ झाकणारं पाकीट घाला, नाहीतर आम्ही विकणार नाही. ज्याला हवं त्याला मासिक मिळेल, आणि लहान मूल घेऊन आलेल्या आईच्या नजरेसमोर ते येणार नाही. मला हा मार्ग बऱ्याच वेळा पुरेसा वाटतो. पुस्तकाला मात्र मी तो लावणार नाही. झाकलेलं पुस्तक चाळता येत नाही, आणि न चाळता आलेलं पुस्तक अर्धं मेलेलंच असतं.

तक्रार करणारा दुकानात दिसतो. ती वस्तू ज्याला हवी होती तो दिसत नाही, तो पत्र लिहीत नाही. फळी रिकामी पाहून तो मुकाट्याने परत जातो. मोठ्या शहरात तो दुसऱ्या दुकानात जाईल. जिथे एकच दुकान आहे, किंवा सगळा व्यापार दोन-तीन ऑनलाइन कंपन्यांच्या हातात आहे, तिथे तो कुठे जाणार? म्हणून मोठ्या दुकानदारांकडे माझी एक मागणी आहे. दबावाखाली माल काढलात तर काय काढलं आणि का काढलं हे जाहीरपणे लिहा, आणि ज्यांना तो हवा होता त्यांचंही म्हणणं मागवा. आणि तक्रार करणाऱ्यांनो, पत्र मुख्य कार्यालयाला लिहा, खाली आपलं नाव घाला, आणि कोणती वस्तू का खुपते ते नेमकं सांगा.