भाड्याची तारीख ठरवली कोणी?

मंडळी, भाडं वेळेवर येत नाही ही तक्रार घेऊन आलेल्या घरमालकांना माझी एकच विनंती आहे. आज घरी गेलात की पावतीपुस्तक काढा आणि वर्षभराच्या तारखा एकाखाली एक लिहून बघा.

मी हे फार उशिरा केलं. भुसावळला आमच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने आहेत. भाडेकरू केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. करारात 1 तारीख, पण त्या दिवशी भाडं कधीच आलं नाही. माझं डोकं तापायचं. एकदा तर जिन्यात गाठून, त्यांच्या लेकरांसमोर बोललो. ते मला आजही खटकतं. मग पावत्या चाळल्या : 11, 12, 11, 13, 12. हा माणूस बुडवत नव्हता, त्याचा पगारच 10 तारखेला होत होता! 1 तारीख आली होती माझ्या वडिलांच्या काळातून. तेव्हाचे भाडेकरू रेल्वेचे, पगार महिनाअखेरीला हातात. आपल्याकडे सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, हिशेब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतो, त्याला कोणी उशीर म्हणत नाही. कष्टाचा पैसा ज्याच्या त्याच्या वेळेला येतो.

नवा करार करताना मी 12 तारीख घातली. त्यापुढे तीन दिवस सवलत, नंतर दर दिवसाचा दंड, तोही आकडा लिहून. ते म्हणाले, "काका, मीच सांगणार होतो, पण तुम्ही रागवाल असं वाटलं."

सगळेच असे नसतात. 5, 28, 19, मग दोन महिने काहीच नाही, अशा तारखा असतील तर तारीख बदलून उपयोग नाही. तिथे पुढच्या करारात अनामत वाढवा, मुदत कमी ठेवा. पण चालू करारात एकट्या मालकाला अट बदलता येत नाही. दोघांची संमती लागते. आणि तोंडी ठरलेलं धरून बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

थकबाकीपोटी भाडेकरूवर ताब्याचा दावा लावायचा तर कलम 15 प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, मग 90 दिवस थांबावं लागतं. तेवढा धीर नसलेले लोक नळ बंद करतात, वीज तोडतात. कृपा करून हे करू नका. कायद्याला ते मंजूर नाही, आणि मे महिन्यातल्या भुसावळात लेकराबाळांचं पाणी तोडायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पावती मात्र दरवेळी द्या, कलम 26 तेच सांगतं. हल्ली भाडं मोबाइलवर येतं, तरी मी पावती फाडतो. पुढचा करार करताना मला त्याच तारखा बघायच्या आहेत.