पट किती, व्हॅलिड किती?

(तालुक्यातील शाळा व्यवस्थापन समिती सदस्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिलाय 'शाळेच्या प्रशासकीय घडामोडी'. तो ऐकूनच मागच्या रांगेतल्या दोन काकांनी डोळे मिटलेले दिसले. त्यांचा दोष नाही. आमच्या खात्याची बातमी लिहिलेलीच अशी असते की वाचणाऱ्याला झोप यावी. मी नोकरीत असताना रात्री दहाला ग्रुपवर मेसेज यायचा, 'अतितात्काळ. विहित नमुन्यात माहिती उद्या सकाळी दहापर्यंत. निरंक असल्यास तसे कळवावे.' निरंक म्हणजे सांगण्यासारखं काहीच नाही. मग बिचारे मुख्याध्यापक अंथरुणात पडल्या पडल्या 'निरंक' टाइप करायचे. कशाचं निरंक, ते सकाळी बघू!

गंमत बाजूला ठेवू. ह्याच भाषेत तुमच्या गावच्या शाळेचं भविष्य लिहिलेलं असतं. म्हणून आज मी एकच काम करणार आहे. दोन-तीन सरकारी शब्द घेणार आणि पालकाच्या दृष्टीनं त्यांचा अर्थ काय, ते सांगणार.

पहिला शब्द संचमान्यता. अर्थ सरळ आहे, पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत गुरुजी किती राहणार. हे ठरतं 30 सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे शाळेत नाव नोंदलेल्या मुलांच्या आकड्यावर. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलंय. त्यात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार असा हिशेब आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं राज्यानं संचमान्यतेचे निकष बदलले, त्यावर शिक्षक संघटनांनी केवढा गदारोळ केला ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. निकष कुठलाही असो, एका मुलाच्या फरकानं एक शिक्षक जातो, ही गोष्ट काही बदललेली नाही.

माझ्याच केंद्रातली, म्हणजे माझ्याकडे असलेल्या शाळांच्या गटातली गोष्ट सांगतो, वाडीचं नाव सांगत नाही. 2022-23 साल. पट 61, शिक्षक तीन. त्या वर्षापासून नुसता हजेरीपटावरचा आकडा चालेना, आधार जुळलेलीच मुलं मोजायची ठरलं. तिसरीतली एक मुलगी. दाखल-खारीज रजिस्टरला तिची जन्मतारीख ऑगस्टमधली आणि आधारवर 1 जानेवारी. गावात कधी तरी कॅम्प लागला होता, आजी घेऊन गेली होती. आजीला तारीख सांगता आली नाही, ऑपरेटरनं वर्षाची पहिली तारीख टाकून दिली. पोर्टलवर मुलीच्या नावापुढे लाल अक्षरात 'मिसमॅच'. म्हणजे पोरगी रोज पहिल्या बाकावर बसते, पाढे म्हणते, खिचडी खाते, आणि हिशेबात नाही. साठ मुलं व्हॅलिड, म्हणजे आधार जुळलेली, म्हणून दोनच पदं मंजूर. तिसऱ्या बाई अतिरिक्त ठरल्या, समायोजनात म्हणजे दुसऱ्या शाळेत बदलीवर तीस किलोमीटर लांब गेल्या. आधार दुरुस्त व्हायला डिसेंबर उजाडला. तोवर एका खोलीत तीन इयत्ता.

यात माझीही चूक आहे, ती कबूल करतो. मिसमॅचची यादी माझ्याकडे जुलैतच आली होती. मी ती मुख्याध्यापकांना पाठवली, त्यांनी फाइलला लावली. तिच्या आईला ती यादी कुणी दाखवलीच नाही. आई तालुक्याला दर बुधवारी बाजाराला येत होती आणि आधार केंद्र बाजारापासून चार पावलांवर!

आता लगेच कुणी म्हणेल, आधारचा एवढा सोस कशाला? त्यालाही इतिहास आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. शाई लावून मुलं मोजली, आणि कागदावरची कितीतरी मुलं वर्गात सापडलीच नाहीत. बोगस पटाचं ते पाप आमच्याच क्षेत्रानं केलं, फेडतेय आता खरी मुलगी.

दुसरा शब्द समूहशाळा. ऐकायला छान वाटतो. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयानं जिल्ह्यांकडून त्याचे प्रस्ताव मागवले, नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ पुढे केलं. त्या वेळी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा बाहेर आला, 14,783. मुलं 1,85,467. म्हणजे शाळेला सरासरी बारा-तेरा. पालकाच्या भाषेत समूहशाळा म्हणजे वाडीची शाळा बंद आणि पोरं गाडीनं दुसरीकडे. मी सरसकट विरोधात नाही. चार मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय, आणि ते अंतर मोजताना नकाशावरची पट्टी चालत नाही. मध्ये ओढा आहे का, श्रावणात तो किती चढतो, गाडी बंद पडली तर त्या दिवशी काय, हे तुम्हीच सांगू शकता. तसा प्रस्ताव कधी आला तर समितीच्या सभेत हे प्रश्न विचारा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. तोंडी बोललेलं पंचायत समितीपर्यंत पोचत नाही.

समितीबद्दल दोनच वाक्यं. कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. पण सभा न घेताच रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात, हे मला ठाऊक आहे, ताई. हसू नका, तुमच्याकडेही फिरतं.

आज ऑगस्टची मधली तारीख. 30 सप्टेंबरला सहा आठवडे राहिलेत. उद्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना दोन आकडे विचारा: पट किती, व्हॅलिड किती. त्यांच्यावर डाफरू नका, ते आधीच पोषण आहाराची नोंद, शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) आणि यू-डायस (शाळेची माहिती भरायची प्रणाली) यांत बुडालेले असतात. फरक निघाला तर नावं मागा. त्या मुलांच्या आईला गाठा, जन्माचा दाखला घ्यायला सांगा. आधार केंद्र बुधवारीही उघडं असतं, मी काल जाऊन विचारून आलोय. रांग मोठी असते, डबा बरोबर ठेवा.