एक वंश, दोन शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातल्या चिनी माणसासाठी चिनी भाषेत दोन शब्द आहेत. ‘हुआछ्याओ’ म्हणजे बाहेर राहणारा चीनचा नागरिक. ‘हुआरेन’ म्हणजे वंशाने चिनी, पण नागरिक दुसऱ्या देशाचा. हा फरक कायद्यातही आहे. 1955 साली चीनने इंडोनेशियाशी करार केला, त्यात दोन नागरिकत्वांपैकी एकच निवडायचं ठरलं. 1980 च्या कायद्यानुसार तर परदेशात स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की चीनचं आपोआप जातं. तरी बीजिंग दोघांनाही आपलीच माणसं धरून चालतं.

या लोकांना आपल्या बाजूला ठेवण्याचं काम चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचा ‘संयुक्त आघाडी’ विभाग बघतो. परदेशस्थ चिनी लोकांसाठीचं सरकारी कार्यालय 2018 मध्ये त्याच्यात विलीन झालं. चायनाटाउनमध्ये, म्हणजे परदेशी शहरांतल्या चिनी वस्तीत, एका गावच्या, एका आडनावाच्या लोकांची मंडळं फार जुनी. त्यांच्या अध्यक्षाला बीजिंगचं निमंत्रण येतं, मान मिळतो, धंद्याच्या ओळखी होतात. पुढे वकिलातीचा शब्द त्याला मोडवत नाही. स्थानिक चिनी वर्तमानपत्र जाहिरातींवर जगतं. ज्याचा माल चीनमधून येतो, तो व्यापारी टीका छापणाऱ्या पत्राला जाहिरात देताना दहादा विचार करतो. कुणी धमकी द्यायची गरजच उरत नाही.

वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपचं तर नीट समजून घ्या. खातं चीनमधल्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असेल, तर त्यावर तिथली सेन्सॉरशिप लागते. माणूस टोरांटोला गेला, नंबर बदलला, तरी ती सुटत नाही, असं 2016 मध्ये कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने चाचण्या करून दाखवलं. अडवलेला निरोप पोहोचत नाही आणि तो अडवला हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. शिवाय गावी आईवडील असतात. परदेशात निदर्शनं करणाऱ्याच्या घरी पोलिस चौकशीला जातात. हा दाब सगळ्यांत जड, आणि तो आधी चिनी माणसावरच पडतो.

ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदा केला. त्याखाली पहिली शिक्षा 2024 मध्ये झाली. असे कायदे हवेतच, पण ते कृतीवर बोट ठेवणारे हवेत, वंशावर नव्हे. 1962 च्या युद्धानंतर आपण नेमकं उलटं केलं. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडचे सुमारे 3,000 चिनी वंशाचे लोक राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले. त्यांत भारतातच जन्मलेले कितीतरी होते. काही जण चार-पाच वर्षांनी सुटले, तेव्हा अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेली होती.