फूटपाथ उतरत नाही, गाडी चढते

(पहाट. पुण्यातल्या औंधचा डीपी रस्ता. काठी टेकत येणारे आजोबा, कॅमेरा पायांवर.)

दुकानांची शटरं अजून उघडायची आहेत. आजोबांच्या चपलांकडे बघा. सोसायटीचं गेट आलं, गेलं. पाऊल कुठे खाली पडलं नाही.

एरवी पुण्यात फूटपाथवरून चालायचं म्हणजे गेट आलं की उतरा, पुढे फूटभर चढा. गुडघे दुखणारा माणूस मग डांबरावरूनच जातो, आणि गाडीतून आपण त्यालाच हॉर्न मारतो. इथे फूटपाथ सलग आहे. गाडीनं चढायचं, गाडीनं उतरायचं. रस्तेबांधणीची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस सांगते, कडेचा दगड 150 मिलिमीटरच्या वर नको. घरातल्या जिन्याची एक पायरी, तेवढाच.

(जुने फोटो : रस्त्यात लावलेले बॅरिकेड.)

महापालिकेचं पादचारी धोरण 2016चं. आधी पायी चालणारा, मग सायकल, मग बस, मोटार सगळ्यात शेवटी. कागदावर छानच दिसतं. औंधला स्मार्ट सिटीच्या कामात खोदाईआधी बॅरिकेड लावून रस्ता आखून पाहिला, आणि मला विचाराल तर खरं शहाणपण तिथे होतं. काँक्रीट ओतल्यावर चूक काढायला जेसीबी लागतो. बॅरिकेड दोन माणसं सरकवतात.

(चौक, वरून.)

हा कोपरा बघा. गोलाई मोठी असली की गाडी ब्रेकला पाय न लावता वळते. कोपरा आवळला की ड्रायव्हरला वेग कमी करावाच लागतो, आणि ओलांडणाऱ्याची चार पावलं वाचतात. गतिरोधक नाही, पाटी नाही, शिट्टी नाही.

(फूटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांच्या रांगेतून निघालेली स्कूटर.)

हेही चित्रीकरणात आलंच. व्हीलचेअर जावी एवढी फट ठेवली, तर स्कूटरही जाते. यावर उपाय खांबांत नाही.

पार्किंग गेलं म्हणून दुकानदार चिडले होते. काही अजूनही चिडलेले आहेत.

(सायकल ट्रॅक. शाळेच्या गणवेशातली मुलगी.)

शहराच्या सायकल आराखड्याला 2017मध्ये मंजुरी मिळाली. ट्रॅकवर, बरोबर सायकलच्या चित्रावर, दुचाकी लावलेली. मुलगी दोनदा घंटी वाजवते. मग उतरते, दप्तर सावरते आणि सायकल रस्त्यावर घेते.

(मागून बस. आवाज तसाच ठेवावा.)