कर्ज नाकारलं? बँकेने पाहिलेला रिपोर्ट आधी हातात घ्या

नमस्कार मंडळी. "कर्ज नाकारलं, कारण सांगत नाहीत, नुसतं सिबिल म्हणतात." ही कमेंट विषय कुठलाही असो, खाली येतेच. तर आज तेच बोलू.

सोपा भाग पटकन उरकतो. क्रेडिट ब्युरो म्हणजे तुम्ही कर्जं-कार्डं कशी फेडता याची नोंद ठेवणारी, त्यावरून रिपोर्ट आणि स्कोअर नावाचा आकडा काढणारी कंपनी. भारतात असे ब्युरो चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 2017 पासून या चौघांनाही वर्षातून एकदा स्कोअरसकट पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे डिसेंबरात घेतला असला तरी जानेवारीत पुन्हा हक्काचा. ब्युरोच्या स्वतःच्या वेबसाइटवर जायचं, पॅन, जन्मतारीख, मोबाइल नंबर, ओटीपी, झालं. वाटेत प्लॅन विकणारं पान आडवं येतं. पैशांची बटणं ठळक असतात, फुकटची लिंक कुठेतरी कोपऱ्यात. पैसे भरायचं पान आलं तर मागे फिरा, तुम्ही चुकीच्या दारात आहात.

आता मुद्द्याचं. तुम्हाला "नाही" म्हणणाऱ्या बँकेने या चारपैकी कोणाचा रिपोर्ट पाहिला? हे न विचारताच लोक धावपळ सुरू करतात. कमेंटमध्ये लिहितात, "ॲपवर माझा स्कोअर 780 दिसतो, तरी नाकारलं, बँक खोटं बोलते." अहो, ॲप एका ब्युरोचा स्कोअर दाखवतंय, बँकेने दुसऱ्याचा काढला असेल. चारही ब्युरोंकडे तुमची नोंद सारखीच असेल याची खात्री नाही. एखादं जुनं कार्ड एकीकडे बंद दिसतं आणि दुसरीकडे अजून थकीत.

मग कळायचं कसं? पहिला मार्ग म्हणजे बँकेलाच विचारा, आणि तोंडी नाही, लेखी. क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचे, म्हणजे या ब्युरोंचेच, 2006 चे नियम आहेत. क्रेडिट रिपोर्टच्या आधारे कर्ज नाकारलं, तर बँकेने 30 दिवसांत लेखी कळवायचं असतं: नेमकं कारण, ज्या रिपोर्टवरून नाकारलं त्याची प्रत, आणि तो देणाऱ्या ब्युरोचं नाव-पत्ता. ही प्रत तुमच्या वर्षाच्या फुकट कोट्यातली नाही, वेगळी. शाखेत "सिस्टिमने रिजेक्ट केलंय" एवढंच ऐकून लोक परत येतात. दोन ओळींचा ईमेल टाका: अर्ज क्रमांक, नाकारल्याची तारीख, "कारण आणि रिपोर्टची प्रत द्यावी". तो ईमेल पुढे तक्रारीत पुरावा म्हणून लागतो.

बँक ढिम्म हललीच नाही, तर मोबाइल उघडा. बँकेने तुमचा रिपोर्ट काढला की ब्युरोने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. तो मेसेज जाहिरात समजून पुसला जातो. अर्ज केला त्या दिवसाच्या आसपासचे मेसेज बघा, ब्युरोचं नाव तिथेच सापडेल.

तेही नसेल तर चारही फुकट रिपोर्ट काढा आणि थेट शेवटी असलेल्या 'एन्क्वायरी' भागात जा. तिथे कोणत्या बँकेने कधी, कशासाठी, किती रकमेसाठी चौकशी केली ते लिहिलेलं असतं. ज्या रिपोर्टमध्ये अर्जाच्या तारखेला तुमच्या बँकेचं नाव आहे, तोच बँकेने पाहिलेला. आणि हो, स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होऊ शकतो तो नाकारल्यावर त्याच आठवड्यात आणखी पाच ठिकाणी अर्ज ठोकल्याने.

रिपोर्ट मिळाला की स्कोअर बाजूला ठेवा, खाती वाचा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. 000 किंवा एसटीडी म्हणजे ठीक. 030 म्हणजे हप्ता 30 दिवस थकलेला. एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, त्याला घाबरू नका. मग 'ओनरशिप' बघा. तिथे 'गॅरंटर' दिसलं तर आठवा, कोणासाठी जामीन राहिला होतात? मित्राने हप्ते बुडवले की डाग तुमच्याही रिपोर्टवर येतो. हल्ली हे प्रकरण फार निघतं.

चूक सापडली, म्हणजे खातंच तुमचं नाही, फेडलेलं कर्ज चालू दिसतंय वगैरे, तर त्या ब्युरोच्या वेबसाइटवर 'डिस्प्यूट' टाका. फुकट असतं. रिपोर्टवर छापलेला त्याचा क्रमांक (कंट्रोल नंबर) लागतो, आणि कर्ज फेडल्याची एनओसी, म्हणजे बाकी काही नाही असं बँकेचं पत्र, जोडा. ब्युरो स्वतः काही खोडत नाही, बँकेला विचारतो. त्यामुळे तीच तक्रार बँकेकडेही त्याच दिवशी करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. उशीर बँकेचा असेल तर बँक देते, ब्युरोचा असेल तर ब्युरो.

'सेटल्ड' हा शेरा मात्र चूक नव्हे. बँकेने थोडं सोडून तडजोड केली, म्हणून तो आलाय. डिस्प्यूटने जाणार नाही. उरलेली रक्कम भरा, बँकेकडून 'पूर्ण परतफेड' असं पत्र घ्या आणि नोंद बदलायला लावा. "सिबिल क्लीन करून देतो, पाच हजार" म्हणणारे एजंटही यापेक्षा वेगळं काही करू शकत नाहीत. ते वर तुमचा ओटीपी मागतात, तो अजिबात देऊ नका.

30 दिवस उलटूनही बँक किंवा ब्युरो गप्प असेल, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. ब्युरोही 2022 पासून त्याच्या कक्षेत आहेत. तिथे फी नाही, वकील नाही. बँकेला पाठवलेला तो दोन ओळींचा ईमेल, डिस्प्यूटचा क्रमांक आणि रिपोर्टची प्रत, एवढं जोडायचं.