फुल्या कुणासाठी?

[दृश्य: देवगिरी किल्ल्याची अंधारी. मोबाइलच्या उजेडात हलणाऱ्या सावल्या, वटवाघळांचा फडफडाट.]

निवेदन:

देवगिरीच्या पोटात एक भुयारी वाट आहे. तिला अंधारी म्हणतात. आत शिरलेल्या शत्रूची दिशा चुकावी आणि पाय अडखळावा, यासाठीच ती कोरली आहे. एक पायरी वीतभर तर दुसरी गुडघाभर, वळणं आडमुठी, आणि डोक्यावर वटवाघळांची वस्ती. राज्यं गेली, तोफा गंजल्या, पण ही वाट आपलं काम अजून चोख करते. तिथं माणूस ठेचकाळतोच. आणि ठेचकाळल्यावर तोंडातून जे बाहेर पडतं, ते शाळेच्या वहीत लिहिण्यासारखं नसतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या काही पोरापोरींनी मात्र ते लिहिलं आणि छापलं.

[दृश्य: झेरॉक्सच्या दुकानात निघणारी पानं. स्टेपलर. नळदुर्गच्या पाणीमहालाचं मुखपृष्ठ.]

ही मंडळी अकरावी-बारावीतली, एखादा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा. नाद एकच, किल्ले. नळदुर्ग, परंडा, औसा, उदगीर, कंधार. सुट्टीला एसटीनं जायचं, दिवसभर भटकायचं, आणि वर्षातून काही वेळा त्या भटकंतीचा अंक काढायचा. अंकातला मजकूर मोठा कामाचा असतो. शेवटची गाडी किती वाजता सुटते, पाणी कुठं मिळतं, शिलालेखाचा फोटो तिरप्या उन्हात का काढावा, सुतळी लावून तोफेची लांबी कशी मोजावी. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ आधी परंड्याला होती, हे तिथल्याच आठवीतल्या एका पोराला या अंकातून कळलं. त्याच्या गुरुजींनाही तेव्हाच कळलं असावं, पण ते तसं म्हणाले नाहीत.

देवगिरीच्या लेखात गटातला सर्वांत थोरला गडी अंधारीत घसरतो आणि एका दमात तीन शब्द उच्चारतो. लेख लिहिणाऱ्यानं ते तिन्ही जसेच्या तसे घातले. महिन्याभरानं एका वाचनालयातून अंक परत आला. वर चिठ्ठी: ‘मुलांच्या टेबलावर ठेवण्याजोगा नाही.’

[दृश्य: तालुक्याच्या गावचं वाचनालय. लाकडी टेबल, काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं.]

निवेदन:

ग्रंथपालांना भेटायला जाताना आमच्या मनात एक चित्र होतं. चष्मा, कपाळाला आठ्या, संस्कारांवर भाषण. निघाला वेगळाच माणूस. चहा सांगितला आणि म्हणाले, “पोरायच्या कानाची मला काळजी न्हाई. ह्या खिडकीखाली रोज क्रिकेट चालतंय, मी बी ऐकतोच की. पण उद्या एखाद्याचा बाप अंक टेबलावर आपटून विचारंल, हे सरकारच्या पैशातून ठेवलंव का, तवा मी काय सांगू?”

मुद्दा खरा आहे. इकडं मासिक एकट्याचं क्वचितच असतं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयात येणारा एक अंक आधी सातवीतली मुलगी चाळते, मग तिचा भाऊ, मग पेन्शनर आजोबा, आणि शेवटी त्यावर कुणीतरी भेळ खातं. घरी वर्गणी लावून मासिक मागवणाऱ्याला ही अडचण कळायची नाही. इथं पान उघडलं की ते चावडीवरच उघडलेलं असतं.

सिनेमाला निदान प्रमाणपत्र असतं. २०२४ पासून तर यूए मध्येसुद्धा, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी पाहायच्या वर्गातही, ७, १३ आणि १६ अशा वयाच्या पायऱ्या आल्या. नियतकालिकाच्या नोंदणीत नाव, मालक, अंक किती दिवसांनी निघतो, अशा गोष्टी पाहतात. आतली भाषा किती वर्षांच्या वाचकाला चालेल, हे मुखपृष्ठावर कुणी छापत नाही. तो निवाडा येऊन पडतो या ग्रंथपालावर.

[दृश्य: लातूर, ट्यूशन एरिया. संध्याकाळ. पाठीला सॅक लावलेल्या पोरांची गर्दी.]

निवेदन:

पोरांचं म्हणणं ऐकायला आम्ही लातूरला गेलो. मराठवाड्यातलं सोळा-सतरा वर्षांचं वय एकगठ्ठा बघायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. मेसच्या रांगेत, खोलीवर, मोबाइलवरच्या गेममध्ये इअरफोन लावून, शिव्यांची देवाणघेवाण अखंड चालू असते. गेममध्ये समोरून शिवी देणारा जयपूरचा की जालन्याचा, हेही माहीत नसतं.

अंकात शिवीच्या जागी फुल्या घातल्या तर चालेल का, असं विचारल्यावर एक जण हसला. “सर, फुल्या बघितल्या की आमी पहिलं काय करतो सांगू? मोजतो.”

मग दुसऱ्यानं लगेच विचारलं, “पण तुमी फुल्या टाकायलाव कुणासाठी? आमाला काय येत न्हाई का?”

फुल्यांबद्दल यापेक्षा नेमकं आम्ही तरी ऐकलं नाही. फुलीनं शब्द झाकला जात नाही, वाचणाऱ्याला कामाला लावलं जातं. लेख राहतो बाजूला आणि सगळा वर्ग कोडं सोडवत बसतो.

[दृश्य: गंगाखेड, गोदावरीचा घाट.]

निवेदन:

आणि आपण कोणत्या भूमीत उभं राहून नाक मुरडतोय, हेही पाहायला हवं. परभणी जिल्ह्यातलं हे गंगाखेड. संत जनाबाईचं गाव. या जनीनं प्रत्यक्ष विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हटलं, ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलं, आणि पुढं जे म्हटलं ते आज एखाद्या मुलानं वर्गात म्हटलं तर पालकांना बोलावणं जाईल. अंगणात उभी राहून आपण शिव्या देतोय, हे तिनं अभंगाच्या शेवटी स्वतःच सांगून टाकलंय. तिनं एकही फुली टाकलेली नाही.

केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते, त्या दिवशीच्या भाषेचं निवेदन आम्ही करत नाही. आणि घरातली आजी नातवाला ‘मुडद्या’ म्हणत पुढ्यात भाकरी वाढते, तिला शिवराळ कोण म्हणेल? प्रमाणभाषेतून पाहणाऱ्याला आमची निम्मी माया शिवीसारखी ऐकू येते. एखाद्या संपादकानं आमच्या बोलीतला लेख ‘भाषा सुधारून’ छापला की या मायेलाही कात्री लागते. दलित आत्मकथनं आली तेव्हा त्यांच्याही भाषेवर असेच आक्षेप आले होते. तिथल्या शिव्या पुसल्या असत्या तर ज्यांनी त्या दिल्या तेच सुटले असते.

[दृश्य: न्यायालयाची इमारत. जुनी नियतकालिकं.]

निवेदन:

कायदा काय म्हणतो? १९५६ साली लहानांना घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध केंद्रानं कायदा केला. त्यात वीस वर्षांखालचा वाचक तरुण धरलाय. रोख आहे गुन्हे, हिंसा, क्रौर्य आणि किळसवाण्या प्रसंगांच्या गोष्टींवर. शिवीचा उल्लेख नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॉलेजातल्या पोरांवरच्या एका वेबमालिकेच्या प्रकरणात सांगितलं, की शिवराळ भाषा ओंगळ वाटू शकते, पण तेवढ्यानं ती अश्लील ठरत नाही.

तरी लातूरच्या माणसाला हे ऐकून हायसं वाटणार नाही. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता छापून आली. बुलेटिन सभासदांपुरतं, बाजारात विकायलाही नव्हतं. खटला लातूरला उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २०१५ मध्ये. माफी मागितलेला प्रकाशक सुटला, मुद्रकही सुटला, कवीवरचा खटला मात्र चालू ठेवायला सांगितला. प्रश्न तिथं शिव्यांपुरता नव्हता, गांधींच्या तोंडी कोणती भाषा घातली हा होता. पण छोट्या अंकाचा संपादक एवढा बारकावा बघत नाही. दोन दशकं हा आकडा त्याच्या लक्षात राहतो.

[दृश्य: पुन्हा झेरॉक्सचं दुकान. संपादक मंडळाची बैठक, शटर अर्धं ओढलेलं.]

निवेदन:

इथवर आम्ही पोरांच्याच बाजूनं होतो. मग त्यांनी पुढच्या अंकासाठी आलेला एक मजकूर दाखवला. विषय मोबाइल गेममधले किल्ले. लिहिणारा हुशार, माहिती पक्की. पण दर तिसऱ्या ओळीला आई-बहिणीवरून शिवी. कुणी घसरलं नव्हतं, कुणी कुणाशी भांडत नव्हतं. लेखकच वाचकाला टाळी देत होता, की बघ, मी पण तुझ्यातलाच.

गटात दोन मुली आहेत. पैकी एक नकाशे काढते. ती म्हणाली, “देवगिरीचं मला कायच वाटलं न्हाई. मी तिथंच होते, मी पण घसरले. पण हे वाचताना वाटलं, हे माझ्यासाठी लिहिलेलंच न्हाई. पोरं पोरांशी बोलायलेत, अन् मी दाराआड उभी राहून ऐकायले.”

या एका वाक्यानं आमचा विषयच फिरला. तोवर सगळी चर्चा चालली होती मुलं बिघडतील का, याची. मुलं शिव्या मासिकातून शिकत नाहीत, हे ग्रंथपालांपासून सगळ्यांना मान्य आहे. पण छंदाचं मासिक हे नव्या माणसाचं पहिलं पाऊल असतं. गल्लीत क्रिकेट खेळायला मुलीला कुणी बोलावत नाही, ट्रेकला घरून सोडत नाहीत, सायबर कॅफेत ती जात नाही. तिला त्या छंदात शिरायला उरतो तो छापील कागद. आणि तिथंही दर तिसऱ्या ओळीला तिच्याच जातीचा, म्हणजे बाईच्या जातीचा, उद्धार होत असेल, तर ती अंक मिटवून ठेवते. तक्रारही करत नाही. संपादकाला वाटतं, मुलींना किल्ल्यांत रसच नसतो.

हीच गोष्ट जातीवरून आणि व्यंगावरून दिलेल्या शिव्यांची. त्या पोराच्या कानाला नव्या नसतात. पण आपल्यावर त्या रोज पडतात अशा पोराला त्या अंकात पुन्हा भेटल्या, तर त्यानं वर्गणी कशाला भरावी?

अमेरिकेतही हे झालंय, अर्थात त्यांच्या रीतीनं. १९८१ मध्ये ‘थ्रॅशर’ हे स्केटबोर्डचं मासिक निघालं, मुद्दाम राकट. दोन वर्षांत ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ निघालं, जरा धुतल्या तोंडाचं. दोन्ही दीर्घकाळ चालली. तिथल्या पोराला निवड करता आली. आमच्या तालुक्यात किल्ल्यांचा अंक एकच, त्यामुळं तो सगळ्यांचा असावा लागतो.

[दृश्य: बैठक सुरूच. कुणी हातवारे करतंय, कुणी गप्प.]

निवेदन:

बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. देवगिरीचा लेख आहे तसा ठेवायचा, पुढच्या छपाईतही, असं ठरलं. कारण ती शिवी त्या पायरीची आहे. ती काढली तर अंधारी कळत नाही. गेमचा लेख परत पाठवला. लेखक भडकला. तुम्ही पण शेवटी वाचनालयवालेच निघालात, असं म्हणाला आणि मजकूर इन्स्टाग्रामवर टाकला. तिथं त्याला अंकापेक्षा जास्त वाचक मिळाले, हेही सांगायला हवं.

मग नकाशे काढणारीनं स्वतःचा लेख पुढं केला. परंड्याच्या बुरुजावर कुणीतरी बदाम कोरून दोन नावं खोदली होती. तिनं त्या दोघांना लेखात थेट ‘भाड्यांनो’ म्हणून हाक मारली होती. कुणाच्या तोंडी घातलेलं नाही, स्वतःच्या आवाजात. प्रसंगातल्या माणसाच्या तोंडची शिवी चालेल, लेखकाच्या स्वतःच्या आवाजातली नाही, हा इतका वेळ घासून तयार केलेला नियम तिथंच वाकडा झाला. थोडी शांतता, मग हशा. एकानं विचारलं, “हे चालंल का पण?”

ती म्हणाली, “बुरुज साडेतीनशे वर्षांच्या वरचा हाय. त्याला विचार.”

छापायचं ठरलं. फुल्या न घालता. ग्रंथपालांना प्रत द्यायला ती स्वतः जाणार आहे.