वाढीचं संप्रेरक आणि माशाच्या पोटातली अंडी

नमस्कार श्रोतेहो. मृग जवळ आला की कोल्हापूरकडच्या शेततळेवाल्यांत एक विचारणा हमखास होते. रोहू-कटल्याला वाढीचं इंजेक्शन टोचलं तर अंडी जास्त पडतील का? नाही पडणार. आणि हॅचरीत जे टोचतात, ते वाढीचं नसतंच.

घोटाळा होतो, कारण दोन्ही संप्रेरकं एकाच घरची. मेंदूच्या बुडाशी पीयूषिका ग्रंथी असते, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. वाढीचं संप्रेरक तिथूनच सुटतं आणि अंडी पिकवणारंही. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी याच ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या कार्प माशांची, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांची, अंडी मिळवली. आता ओव्हाप्रिमसारखं तयार औषध मिळतं. ते माशाच्या स्वतःच्या ग्रंथीला अंडी सोडायचा हुकूम देतं, आणि त्यातलं डोमपेरिडोन त्या हुकुमाआड येणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा ब्रेक काढतं.

मग वाढीच्या संप्रेरकाचा अंड्यांशी संबंध काय? आहे, पण बहुतेक यकृतामार्गे. ते यकृताला जागं करतं, यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक रक्तात सोडतं, आणि ते अंडाशयात अंड्यांच्या वाढीला हात लावतं. खरी मेख इथंच आहे. मासा उपाशी असला की रक्तात वाढीचं संप्रेरक कमी होत नाही, उलट चढतं! पण यकृत त्याचं ऐकत नाही, आयजीएफ घसरतं, आणि संप्रेरक अंगातली चरबी जाळून जीव जगवण्यात गुंततं. अंडी राहतात बाजूला.

गोठ्यातही हेच दिसतं. नुकती व्यालेली गाय खाण्यापेक्षा जास्त दुधात घालवते, तेव्हा तिचं वाढीचं संप्रेरक वर आणि आयजीएफ खाली असतं, म्हणून माजावर यायला उशीर लागतो. (पान्हा सोडायला काही जण चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन. ते तिसरंच.)

बाहेरून जादा दिलं तर? वाढीच्या संप्रेरकाचं जादा जनुक घातलेले कार्प झपाट्यानं वाढले, पण त्यांची अंडाशयं उशिरा पिकली. अशाच उंदरांच्या काही वाणांत माद्या वांझ निघाल्या. शरीर सगळा खर्च वाढीवर करू लागलं की अंड्यांना वाटा उरत नाही.

म्हणून काम सुरू होतं ते सुईच्या कितीतरी आधी. फेब्रुवारी-मार्चपासून प्रजनक मासे वेगळ्या तळ्यात ठेवा, गुंठ्याला १५ ते २० किलो, जास्त नको. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, रोज माशांच्या वजनाच्या १ ते २ टक्के. त्यापुढे हात सैल सोडला तर पोटात चरबी साठते. वरून मादी भरलेली दिसते, आत अंडी कमी.

पारख बोटांनी करा. पिकलेल्या मादीचं पोट मऊ, फुगीर. गुदद्वार सुजलेलं, गुलाबीसर. नराचा छातीचा पर खरखरीत लागतो, पोट हलकं दाबलं की दुधासारखं रेत येतं. कडक पोटाच्या मादीला टोचणं म्हणजे औषध पाण्यात. ओव्हाप्रिम रोहूच्या मादीला किलोमागे साधारण ०.३५ मिलि, म्हणजे दोन किलोच्या मादीला ०.७ मिलि, नराला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलि. सुई ४५ अंशांत, शेपटीजवळच्या मांसात, खवल्याखालून. पाणी २७ अंशांच्या आसपास असावं. ३१ च्या वर गेलं की अंडी पडूनही बरीच मरतात.

संध्याकाळी टोचलेल्या मादीनं सकाळपर्यंत अंडी सोडली नाहीत, तर पुन्हा सुई उचलू नका. एक तर ती कच्ची होती, नाहीतर अतिपिकलेली. हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी जाळीच्या पेटीत, आलेली अंडी काचेसारखी पारदर्शक असतील तर फळलेली. दुधी पांढरी दिसली तर मेलेली, ती लगेच काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते.